मोटारीच्या विम्याचा हप्ता कशावर ठरतो?

कारखान्यात एखादा सोबती दगावला की त्याच्या खात्यातले कामगार एकेका दिवसाची मजुरी काढून त्याच्या घरी पोचवतात. ही रीत पिंपरी-चिंचवडला नवी नाही. विमा म्हणजे हीच रीत. फरक इतकाच, की येथे वर्गणी आपत्तीच्या आधी गोळा होते आणि आपत्ती कोणावर येणार हे ठाऊक नसताना सारेच ती भरतात. मग प्रश्न उरतो तो वाट्याचा. कोणी किती भरावयाचे? मोटारीच्या विम्याचा हप्ता समजून घ्यावयाचा तो या प्रश्नावरून.

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा आणि त्यापाठोपाठ महिंद्रचा कारखाना सुरू झाला. ज्यांनी जन्मभर मोटारी जोडल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात आज कर्जाची का होईना, स्वतःची मोटार उभी आहे. दरवर्षी विम्याचा कागद येतो, आपण तळाचा आकडा पाहतो, कुरकुरतो आणि पैसे भरतो. त्या कागदाचे दोन भाग असतात, आणि दोहोंचा हिशेब अगदी वेगळा आहे.

पहिला भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा पाया म्हणजे गाडीची आजची किंमत. विम्याच्या भाषेत आयडीव्ही. कंपनीच्या विक्रीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. आठ लाखांची मोटार तिसऱ्या वर्षात असेल, तर तिची किंमत ५ लाख ६० हजार धरली जाते.

या किमतीवर दर लागतो. २००६ अखेरपर्यंत तो सरकारमान्य दरपत्रकाने बांधलेला होता. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. जुन्या दरपत्रकात पुण्यासह आठ मोठी शहरे एका विभागात आणि बाकीचा देश दुसऱ्या विभागात होता. १,००० ते १,५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतील मोटारीला आपल्या विभागात ३.२८३ टक्के, तर दुसऱ्या विभागात ३.१९१ टक्के दर होता. वरच्या मोटारीवर हा फरक अवघा ५१५ रुपयांचा होतो. म्हणजे गाव बदलल्याने फार काही साधत नाही.

खरा फरक पडतो तो दावा न केल्याच्या सवलतीने. एक वर्ष दावा नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती नव्या गाडीला लावता येते. मात्र एक दावा केला की ती सहसा शून्यावर येते आणि मुदत संपून ९० दिवस उलटले तरी जाते. म्हणून दोन-तीन हजारांच्या पोच्यासाठी दावा करणे बहुधा तोट्याचे ठरते. आयडीव्ही मुद्दाम कमी लिहून हप्ता वाचवणेही तसेच. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्या कमी आकड्यानेच मिळते.

या भागात घासाघीस करावी, चार कंपन्यांचे दर पाहावेत. दुसऱ्या भागात मात्र घासाघिशीला जागा नाही.

तो भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे तिऱ्हाइताचा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला द्यावयाच्या भरपाईचा. ही सक्ती आपल्याकडे १९४६ पासून आहे आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती कायम राहिली. याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय कर. येथे तुमच्या गाडीची किंमत विचारात घेतलीच जात नाही. विचारात घेतली जाते ती रस्त्यावरच्या माणसाची किंमत.

ही किंमत कशी काढतात? सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा आणि २०१७ साली प्रणय सेठी या खटल्यांत रीत घालून दिली. समजा, पुणे-नाशिक रस्त्यावर २८ वर्षांचा, महिना १८,००० मिळवणारा कंत्राटी कामगार मोटारीखाली सापडून मेला. घरी आई, पत्नी आणि एक मूल. वर्षाची मिळकत २,१६,०००. पुढच्या वाढीपोटी, ठरावीक पगारावरचा म्हणून ४० टक्के मिळवले की ३,०२,४००. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करता २,०१,६००. या वयाला १७ चा गुणक. भरपाई येते ३४,२७,२००. तोच माणूस त्याच पगारावर कायम नोकरीत असता, तर वाढ ५० टक्के धरली गेली असती आणि घराला २,४४,८०० रुपये अधिक मिळाले असते. कंत्राटी आणि कायम हा भेद मरणानंतरही सुटत नाही.

आता ही ३४ लाखांची रक्कम ३,४१६ ने भागून पाहा. सुमारे एक हजार मोटारवाल्यांचा वर्षभराचा हप्ता एका घराकडे जातो, तोही विमा कंपनीचा खर्च न धरता. हा हप्ता म्हणजे आपल्या खात्यातली तीच वर्गणी आहे, फक्त देणारे आणि घेणारे एकमेकांना ओळखत नाहीत.

विमा नसलेल्या मोटारीने माणूस मेला, तर हीच रक्कम मालकाच्या घरादारावर येते. त्याच्यापाशी नसेल तर मृताच्या घरच्यांच्या हाती कोर्टाचा हुकूम उरतो, पैसा नाही. म्हणून मोटार असलेल्याने मुदतीची तारीख चुकवू नये. आणि जो पायी, सायकलवर वा दुचाकीवर पाळीला जातो, त्याने दर महिन्याचे पगारपत्रक मागून घ्यावे. अर्धा पगार कागदावर आणि अर्धा हातावर असेल, तर न्यायाधिकरणापुढे कागदावरचा अर्धाच सिद्ध करणे सोपे असते. ठेकेदार पत्रक देत नसेल, तर ते मिळवणे हे संघटनेचे काम आहे. त्या पत्रकावरचा आकडा हा कामगाराच्या आजच्या मजुरीचा तर आहेच, पण उद्या त्याच्या मुलांच्या हक्काचाही आहे.