लहान मुलांतील जुनाट बद्धकोष्ठता : उपचार मध्येच का सोडू नयेत (लेखांक आठवा)

मागील लेखांकात वरचे अन्न सुरू करण्याच्या काळाचा विचार झाला. पातळ दुधावरून भात-वरण आणि पोळीकडे वळण्याचा हा काळ, त्यानंतर शीला बसण्याची सवय लावण्याचा काळ आणि शाळेत जाऊ लागण्याचा काळ, या तीन टप्प्यांवर लहान मुलांत बद्धकोष्ठता विशेषकरून सुरू होते. अशा मुलांपैकी दहांत नऊहून अधिक मुलांत आतड्याचा कोणताही रोग सापडत नाही. म्हणूनच वैद्यक या विकाराला ‘कार्यात्मक’, म्हणजे रचनेत दोष नसताना केवळ कार्यात बिघाड झालेला, असे म्हणते.

‘रोम’ निकषांच्या २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तीनुसार, चार वर्षांखालील मुलाला आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी होणे, त्याने ती धरून ठेवणे, शी कडक किंवा दुखत होणे, फार जाड होणे आणि गुदाशयात मलाचा मोठा गोळा साठणे यांपैकी किमान दोन लक्षणे महिनाभर टिकली, तर ही बद्धकोष्ठता समजावी. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला काही दिवस शी झाली नाही, परंतु झाली तेव्हा ती मऊ असली आणि बाळाचे वजन नीट वाढत असले, तर तिला बद्धकोष्ठता म्हणता येत नाही.

या विकाराचे मूळ बहुधा एखाद्या दुखऱ्या अनुभवात असते. कडक मलामुळे गुदद्वाराला बारीक चीर पडते, मुलाला वेदना होतात आणि पुढच्या वेळी कळ येताच ते शी धरून ठेवते. असे मूल पडद्यामागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन पाय आवळून, टाचा उंचावून, लालबुंद चेहऱ्याने ताठ उभे राहते. पाहणाऱ्याला ते कुंथत आहे असे वाटते, प्रत्यक्षात ते सर्व शक्तीने शी अडवत असते. थांबलेल्या मलातील पाणी मोठे आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे तो अधिक कडक आणि जाड होतो, पुढची शी अधिक दुखते आणि भीती वाढते. हे चक्र महिनोन् महिने चालले की गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल होतो आणि मल आल्याची जाणीव बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या बाजूने पातळ मल झिरपून चड्डी खराब होते, आणि मुलाला ते कळतही नाही. घरात याला जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध दिले जाते किंवा आळस समजून मुलाला रागावले जाते. या दोन्ही गोष्टींनी विकार बळावतो.

उपचाराची पहिली पायरी साठलेला मल काढण्याची. त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही पाण्यात विरघळणारी भुकटी डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे देतात. ती आतड्यातून जवळजवळ शोषली जात नाही आणि मलात पाणी धरून ठेवते. या टप्प्यात मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम असे प्रमाण तीन ते सहा दिवस ठेवतात. त्यानंतर ते सुमारे ०.४ ग्रॅमपर्यंत उतरवून, रोज मऊ शी होईल अशा बेताने कमी-अधिक करतात. ही भुकटी योग्य नसेल किंवा मिळत नसेल तेथे लॅक्ट्युलोज हे पातळ औषध वापरले जाते. एनिमा, साबणाची वडी किंवा एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ यांनी तात्पुरती शी होते खरी, परंतु गुदद्वाराशी केलेली प्रत्येक जबरदस्ती मुलाच्या मनातील भीती पक्की करते; शिवाय साबणाने आतील नाजूक त्वचेचा दाह होतो.

दुसरी पायरी सवयीची. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. म्हणून शीला बसण्याच्या वयाच्या मुलाला जेवण झाल्यावर पाच ते दहा मिनिटे बसवावे. कमोड असल्यास पायांखाली पाट ठेवून गुडघे कमरेहून उंच राहतील असे पाहावे, कारण उकिडव्या बैठकीत गुदद्वाराला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. शी झाली नाही तरी नीट बसल्याबद्दल मुलाचे कौतुक करावे.

आहाराचा वाटा खरा असला तरी एकट्या आहाराने जुनाट बद्धकोष्ठता सहसा हटत नाही. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी, मोड आलेली मटकी आणि भाकरी यांतून वयाला पुरेसा तंतुमय अंश मिळावा, दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरपुरते असावे आणि पाणी तहानेप्रमाणे द्यावे.

सर्वांत मोठी चूक होते ती पोट साफ होऊ लागताच औषध थांबवण्याची. औषधाची सवय लागेल ही धास्ती या औषधांबाबत निराधार आहे. उलट ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत होण्यास आणि मुलाची भीती विरण्यास वेळ लागतो. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार औषध किमान दोन महिने द्यावे, सर्व लक्षणे महिनाभर नाहीशी राहिल्यावरच ते हळूहळू कमी करावे, आणि मूल शीची सवय शिकण्याच्या वयात असल्यास ती सवय पक्की होईपर्यंत ते चालू ठेवावे. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले सहा ते बारा महिन्यांत औषधाविना बरी असतात. उरलेल्यांना त्याहून अधिक काळ लागतो.

मात्र जन्मानंतर ४८ तासांत पहिली शी न होणे, त्रास पहिल्या महिन्यातच सुरू होणे, हिरवी उलटी, पोट फुगणे, वजन न वाढणे किंवा पायांत अशक्तपणा यांपैकी काहीही आढळल्यास तपासणीस विलंब लावू नये. अशा वेळी हिर्शस्प्रुंग विकार, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसणे, किंवा थायरॉइडचा अथवा मज्जारज्जूचा दोष आहे का, हे पाहावे लागते.

साठलेल्या मलाचा दाब मूत्राशयावर पडल्याने अनेक मुलांत अंथरूण ओले होणे आणि लघवीचा संसर्ग हे त्रास सोबतच दिसतात. त्यांचा विचार पुढील लेखांकात केला आहे.