आईविना वाढलेली ‘मुखी’ आई झाली. पण बछड्यांना माणसाच्या हाती वाढवणं इतकं अवघड का असतं?

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘मुखी’ नावाच्या चित्ता मादीने पाच पिल्लांना जन्म दिला. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. त्यानंतर भारतातच जन्मलेल्या मादीला पिल्लं होण्याची ही पहिलीच वेळ. विशेष म्हणजे मुखीला माणसांनी वाढवलं होतं.

मुखीवर ही वेळ का आली?

नामिबियातून आणलेल्या ‘ज्वाला’ला मार्च २०२३ मध्ये चार पिल्लं झाली. मे महिन्यात कुनोत पारा ४६-४७ अंशांपर्यंत गेला आणि अशक्त झालेली तीन पिल्लं काही दिवसांतच दगावली. उरलेल्या एका पिल्लाला उपचारांसाठी आईपासून वेगळं करावं लागलं. नंतर आईने तिला पुन्हा जवळ केलं नाही. तीच ही मुखी.

फक्त दूध पाजलं की झालं का?

नाही. मांजरवर्गीय मादीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं कितीतरी जास्त असतात. नुसतं गाईचं दूध पाजलं तर जुलाब होतात, वाढ खुंटते. आहारात आवश्यक घटक कमी पडले तर मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून पशुवैद्यक खास दूध तयार करून घेतात आणि पिल्लाचं रोज वजन करतात.

पाजण्याची पद्धतही महत्त्वाची. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजतात. अगदी लहान पिल्लांना लघवी-शीही स्वतःहून करता येत नाही. आई चाटून ते करवून घेते. इथे ते काम ओल्या कापसाने करावं लागतं. शिवाय चोवीस तास ऊब हवीच.

खरी अडचण कोणती?

पिल्लू जगवण्यापेक्षा त्याचं रानटीपण टिकवणं कठीण. जो दूध पाजतो त्याचा पिल्लाला लळा लागतो. माणसाची भीती गेलेला बिबट्या किंवा वाघ मोठा झाल्यावर वस्तीजवळ येऊ शकतो. मग त्याच्याही जिवाला धोका आणि माणसांच्याही. शिकार शिकवायला आई नसते, तेही वेगळंच. म्हणून मोजकीच माणसं पिल्लाजवळ जातात, कोवळं वय सरलं की तीही दूर होतात. कान्हातल्या दोन अनाथ वाघीण बहिणी मोठ्या कुंपणात शिकार शिकल्या आणि २०११ मध्ये पन्नाच्या जंगलात सोडल्या गेल्या. त्यातल्या एकीला तिथे पिल्लंही झाली. अशी उदाहरणं आहेत, पण थोडी.

महाराष्ट्रात काय करतात?

जुन्नर परिसरात ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडतात. बघणाऱ्याला ते अनाथ वाटतात, पण बहुतेक वेळा मादी जवळपासच असते. त्यामुळे हाताने वाढवणं हा इथे शेवटचा पर्याय ठरतो. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राचे पशुवैद्यक बछड्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ते सापडले त्याच जागी खोक्यात ठेवतात. भोवती ट्रॅप कॅमेरे लावले जातात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

तुम्हाला बछडा दिसला तर?

• उचलू नका, दूध पाजू नका, कुरवाळू नका.
• सेल्फी किंवा रील काढत थांबू नका. गर्दी असेल तर मादी फिरकत नाही आणि चिडलेली मादी हल्लाही करू शकते.
• लांब जा, इतरांनाही लांब ठेवा आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.
• घरी नेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

मुखी वाचली, कारण आईकडे परतण्याचा मार्ग बंद झाल्यावर तज्ज्ञांनी तिला सांभाळलं. उसात सापडलेल्या बछड्यासाठी तो मार्ग बहुतेक वेळा उघडाच असतो. आपण फक्त मध्ये यायचं नाही.