धोट्याची घाई आणि वऱ्हाडचा कापूस

शेगावच्या स्टेशनावर उतरणारे बहुतेक जण गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले असतात. पण महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले, त्याच्या दहाएक वर्षं आधीच इथून आगगाडी धावत होती. ती भाविकांसाठी नव्हे, कापसासाठी आणलेली. इथला कापूस एवढ्या लांब कुणाला आणि कशाला हवा होता, याचा माग काढत गेलं की आपण इंग्लंडातल्या बरी गावच्या जॉन के नावाच्या माणसापाशी पोचतो. त्याने कापसाला हातही लावला नसता तरी चाललं असतं. त्याने फक्त धोट्याची चाल बदलली.

हातमागाचं काम पाहायला सोपं वाटतं. पावडी दाबली की वई वरखाली होते आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांत फट पडते. त्या फटीतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो, फणी तो ठोकून घट्ट बसवते. पुन्हा पावडी, पुन्हा धोटा. पूर्वी हा धोटा एका हाताने टाकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा. त्यामुळे कापडाचा पन्हा विणकराचे हात पोचतील तेवढाच. रुंद कापडाला मागाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसवावी लागत. १७३३ साली के याने धोट्याला चाकं लावली, त्याला धावायला फळी दिली आणि दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या. पेटीतल्या ठोकळ्याला दोरीने झटका दिला की धोटा सुसाट पलीकडे जाई. विणकराचा एक हात फणीसाठी मोकळा झाला, दुसरा माणूसच नको झाला, आणि विणण्याचा वेग साधारण दुप्पट झाला. त्या दुसऱ्या माणसाला हे आवडलं नाही, यात नवल नाही. पोटावर पाय येईल म्हणून विणकरांनी के याला छळलं, कारखानदारांनी त्याचा धोटा वापरून हक्काचे पैसे बुडवले, आणि तो शेवटी फ्रान्समध्ये गरिबीत मेला.

खरी गंमत पुढे आहे. मागाचा वेग वाढला आणि सूत कमी पडू लागलं. एका विणकराला सूत पुरवायला आधीच अनेक कातणाऱ्या लागत, आता त्याहून जास्त. या टंचाईतून हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्पटन यांची कातणयंत्रं आली. मग सूत उदंड झालं, तर ते विणायला माग अपुरे; १७८५ साली कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. माग आणि चाती एकमेकांना अशा पळवत राहिल्या, आणि दोघांच्या पोटात घालायला इंग्लंडातल्या लँकेशायरला कापूस लागे, जो तिथे उगवतच नाही. तो अमेरिकेतून येई. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची शाखा भुसावळ, शेगाव, अकोला करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा काढला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तेरा किलोमीटरच्या फाट्याला व्हाइसरॉय! खामगावच्या कापूसबाजाराचं वजन त्यावरून कळावं. शेगावातही जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रिव्हेट-कारनॅक हा त्या काळचा कापूस आयुक्त. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, इथले कातणारे-विणणारे रिकामे होतील आणि शेतात मजुरीला मिळतील, अशी आशा त्याने सरकारी कागदात लिहून ठेवली आहे. इतकं उघड बोलणारा अधिकारी विरळाच. के याच्या धोट्याने इंग्लंडात एक माणूस रिकामा केला होता. वऱ्हाडात त्याच धोट्याच्या वंशजांनी सबंध माग रिकामे केले.

कापूसही बदलला. वऱ्हाडची ‘बनी’ ही जात तलम सुताची, पण उतारा कमी. रुईचा उतारा जास्त देणाऱ्या आखूड धाग्याच्या ‘जरी’ने तिला हळूहळू हटवलं. शेतकऱ्याचं गणित चुकीचं नव्हतं. बाजार वजनाला पैसे देत होता, तलमपणाला तेवढे नाही.

महाराष्ट्रातली विणाई मग दुसरीकडे रुजली. नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला, आणि कापूस न पिकणाऱ्या त्या गावाचं पुढे ‘मँचेस्टर’ झालं. तिथे मजुरी ठरते ती ‘पिका’वर, म्हणजे बाण्याचा धागा किती वेळा टाकला त्यावर. सगळं अर्थशास्त्र धोट्याच्या एका फेरीत!

आता त्याच गावात धोटाच उरला नाही असे माग आले आहेत. कारण साधं आहे. धाग्याचं वजन नगण्य, पण तो वाहणारा लाकडी धोटा जड. तो दर फेरीला पळवायचा, पलीकडे थांबवायचा, परत पळवायचा. शिवाय धोट्याच्या पोटातली सुताची कांडी संपली की माग उभा. रेपियर मागात पात्यासारखी दांडी बाजूच्या सुताच्या कोनावरचा धागा चिमटीत धरून नेते. एअरजेटमध्ये हवेचा झोतच धागा पलीकडे फेकतो, मिनिटाला सहाशेहून अधिक वेळा. साधा यंत्रमाग शे-दीडशेपाशी दमतो. मात्र या वेगाला सूत मजबूत आणि एकसारखं लागतं. आखूड, असमान धागा इथे तटतट तुटतो आणि माग थांबत राहतो.

म्हणून शेगावच्या बाजारात गाडीतल्या कापसाकडे पाहताना व्यापारी धाग्याची लांबी बघतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभं राहत आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. वऱ्हाडच्या कापसाचं कापड वऱ्हाडातच विणायचं असेल, तर तिथे कोणते माग बसतात यापेक्षा त्यांच्या कोनावर कोणत्या शेतातलं सूत चढतं, हे जास्त बघावं लागेल. आणि इचलकरंजीत कांडी भरण्यावर जगणारे कांडीवाले कामगार आहेत. एअरजेटला कांडी लागत नाही.