तिरकस भिंत आणि सामायिकाचे आसन

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग भीमा नदी ओलांडतो आणि कोरेगाव भीमा लागते. शिरूर तालुक्यातील हे गाव एके काळी शेतीचे आणि आठवडी व्यवहाराचे होते. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि रस्त्यालगतच्या जागेला मोल आले. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे गोदाम अशी व्यापारी कुटुंबांची घरे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. या घरांत वावरणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट हमखास येते. दुकान चौकोनी असते, पण त्याच्या डोक्यावरचा दिवाणखाना क्वचितच चौकोनी असतो.

याचे कारण जमिनीच्या रेषांत दडलेले आहे. महामार्ग सर्वसाधारणपणे ईशान्येकडे धावतो. शेतांचे बांध आणि गावठाणातील जुन्या गल्ल्या त्यांच्या स्वतःच्या दिशेने जातात. दुकानाचे तोंड रस्त्याला काटकोनात हवे, मागची हद्द मात्र जुन्या बांधाप्रमाणे तिरपी. त्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या, रस्त्याची रुंदी वाढली, जिन्याची जागा बदलली, की उरलेल्या आकारात घर बसवावे लागते. अशी खोली एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती होते, किंवा आगगाडीच्या डब्यासारखी लांबट. पुढे अरुंद व मागे रुंद जागेला गोमुखी आणि पुढे रुंद व मागे अरुंद जागेला व्याघ्रमुखी म्हणण्याची रीत व्यापाऱ्यांना ठाऊक असते. पहिली राहण्यास चांगली, दुसरी दुकानास, असेही सांगितले जाते. पण गोमुखी जागेत बैठक मांडायची कशी, हे मात्र ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

आपल्या पूर्वजांना ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण त्यांच्या घरांत सामानच थोडे होते. जुन्या घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ओसरी, माजघर, पडवी या जागा खांबांच्या ओळींनी ठरत आणि त्यांत ठेवायचे काय, तर गादी, लोड, तक्के, चोपड्यांची पेटी आणि एखादा पाट. पेढीवरची बैठक सकाळी व्यवहाराची, दुपारी विश्रांतीची आणि पाहुणा आला तर आदरातिथ्याची होई. भिंत तिरपी असली तरी गादी तिच्याशी भांडत नसे. पुढे खुर्ची, टेबल, कोच, सोफा आले. खुर्ची आणि सोफा हे दोन्ही शब्द मुळात अरबीतले, पैकी सोफा इंग्रजीच्या वाटेने आपल्या घरात शिरला. या वस्तूंना पाय असतात, पाठ असते, ठरलेली खोली असते आणि काटकोनाची सवय असते. येथूनच खोली आणि सामान यांचा झगडा सुरू झाला.

हा झगडा बहुधा शोरूममध्ये सुरू होतो. तेथल्या ऐसपैस जागेत नऊ फूट बाय सहा फुटांचा एल आकाराचा सोफा देखणा दिसतो. घरची खोली अरुंद टोकाला आठ फुटांची असेल, तर त्या सोफ्याची सहा फुटांची बाजू तेथे आडवी बसल्यावर वाट उरते केवळ दोन फुटांची. मग मुले उड्या मारून जातात, गृहिणी चहाचा ट्रे घेऊन आडवी सरकते आणि गुडघेदुखीने त्रासलेल्या आजी दिवाणखान्यात येणेच हळूहळू सोडतात. ज्या कोपऱ्यात त्यांचे आसन, मुखवस्त्रिका आणि माळ असे, तेथे सोफ्याचे टोक येऊन बसते. आजी सामायिक शयनगृहात करू लागतात. कोणी त्यांना जा म्हटलेले नसते. पण घरातले ज्येष्ठ माणूस घराच्या मध्यातून कडेला जाते, आणि नातवंडांच्या कानांवर रोज पडणारा नवकार बंद दारामागे जातो. सोफ्याची किंमत बिलावर लिहिलेली असते. ही दुसरी किंमत कोणत्याही वहीत चढत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी माप. टेपने चारही भिंती मोजाव्यात, दारे कोणत्या बाजूस उघडतात ते पाहावे, खिडकीच्या कट्ट्याची उंची आणि विजेच्या बोर्डाची जागा नोंदवावी. चौकटीच्या कागदावर एक फुटाला एक चौकट धरून खोलीचा नकाशा काढावा. सामानाचे तुकडे त्याच मापाने कापून त्यावर सरकवून पाहावेत. याहून सोपा उपाय म्हणजे जुनी वर्तमानपत्रे जोडून सोफ्याच्या मापाचा कागद प्रत्यक्ष जमिनीवर अंथरणे आणि दोन दिवस त्याच्या कडेने वावरणे. कागद पायाखाली चुरगळला, तर सोफाही तेथे आडवा येणार हे समजावे.

काही मापे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. मुख्य वाट तीन फुटांची असावी, अगदीच अडचण असेल तर अडीच. बैठक आणि टीपॉय यांत सव्वा ते दीड फूट अंतर पुरते. बसण्याची उंची साधारण १६ ते १८ इंच असते. वृद्धांसाठी ती १८ ते २० इंच आणि हात टेकवण्याची सोय असलेली असावी, म्हणजे उठताना दुसऱ्याचा आधार शोधावा लागत नाही. कपाटाची खोली दोन फूट धरावी आणि त्याचे दार उघडण्यास पुढे तितकीच जागा मोकळी ठेवावी.

आता एक नमुना घेऊ. दिवाणखान्याची एक भिंत सरळ, १८ फुटांची. रस्त्याकडील भिंत ८ फुटांची, तिच्यात खिडकी. आतली भिंत १२ फुटांची, तिच्यात स्वयंपाकघराचे दार. चौथी भिंत तिरपी, अहिल्यानगरच्या बाजूची. क्षेत्रफळ १८० चौरस फूट. यातील १४४ चौरस फूट म्हणजे ८ बाय १८ चा स्वच्छ आयत आणि उरलेला ३६ चौरस फुटांचा त्रिकोण. बहुतेक घरांत चूक होते ती येथे. तिरप्या भिंतीला सोफा टेकवला की सगळी खोली वाकडी दिसू लागते. सामानाने सरळ भिंतीचे ऐकावे, हा पहिला नियम.

सरळ भिंतीला रस्त्याकडील टोकाशी जिन्याचे दार आहे असे समजू. ते सोडून पुढील नऊ फुटांत सहा फुटांचा दिवाण आणि हातांची एक उंच खुर्ची बसते. त्यांची खोली अडीच फुटांपेक्षा अधिक नसावी. पुढे दीड फूट पायांसाठी. त्यापलीकडे तीन फुटांची सलग वाट, जी सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते. एवढ्याने सात फूट झाले. आता तिरप्या भिंतीलगत जी पट्टी उरते, ती रस्त्याकडे एक फुटाची आणि आत जाता जाता पाच फुटांची होते. अरुंद भागात उथळ फळ्या आणि दूरदर्शन संच. आतल्या टोकाला मात्र साडेचार फूट लांब आणि चार ते पाच फूट खोल असा एक कोपरा मोकळा मिळतो. मध्ये तीन फूट उंचीचे बुटके कपाट ठेवले, की तो कोपरा वेगळा होतो आणि प्रकाशही अडत नाही.

हा कोपरा सामायिकाचा. आसनाला दोन फूट बाय दोन फूट पुष्कळ झाले. हा कोपरा रस्त्याच्या गोंगाटापासून दूर आहे. शिवाय येथे रस्त्याला समांतर, अहिल्यानगरकडे तोंड करून बसले तर मुख आपोआप ईशान्येकडे होते, ज्या दिशेस श्री सीमंधर स्वामींना वंदन करण्याची परंपरा आहे. म्हणजे ज्या तिरप्या भिंतीने घर बिघडवले असे वाटत होते, तिनेच घराला धर्मस्थान दिले. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ संच बंद राहावा, एवढे पथ्य घराने पाळले की दिवाण आणि आसन एका खोलीत सुखाने नांदतात.

लांबट खोलीचा उपाय थोडा निराळा आहे. भिंतीला टेकवून सगळे सामान ओळीने मांडले, तर तेथे दवाखान्याची प्रतीक्षा खोली होते. लांबीचे दोन भाग पाडावेत, एक बसण्याचा आणि एक अभ्यासाचा किंवा हिशेबाचा. प्रत्येक भागाखाली स्वतंत्र सतरंजी अंथरली की भिंत न बांधताही विभाग डोळ्यांना कळतात. वाट मात्र एकाच कडेने न्यावी. ती बैठकीच्या मधून गेली, तर बोलणाऱ्यांच्या मधून माणसे जात राहतात.

जैन गृहस्थाच्या दिवाणखान्याला आणखी काही अपेक्षा असतात. यतना ही पहिली. जेथे पूंजणी किंवा झाडू पोहोचत नाही तेथे जीवजंतूंची उत्पत्ती होते आणि पुढे औषध फवारण्याची वेळ येते. म्हणून सामान जमिनीपासून सहा इंच तरी उचललेले असावे, किंवा जमिनीला पूर्ण टेकलेले असावे. मधली दोन बोटांची अंधारी फट वाईट. महामार्गाची धूळ सतत येणाऱ्या घरात जाड पडदे आणि नक्षीचे कोरीवकाम यांपेक्षा धुता येईल असे साधे कापड आणि सपाट लाकूड बरे. दुसरी अपेक्षा गोचरीची. पुणे आणि अहिल्यानगर यांच्यामधील हा विहारमार्ग आहे. आचार्यसम्राट श्री आनंदऋषिजी महाराजांचे १९९२ मध्ये ज्या अहिल्यानगरात महाप्रयाण झाले, तेथील आनंदधामाकडे जाणारे साधू-साध्वी या वाटेने पायी जातात. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर हिरव्या कुंड्या, पाण्याची भांडी असतील, तर सचित्ताच्या स्पर्शाच्या भयाने दारी आलेले महाराजसाहेब परत फिरतील. कुंड्या खिडकीत शोभतात, वाटेत नव्हे.

तिसरी अपेक्षा माणसांची. पर्युषणातील जाप, तपस्येचे पारणे, संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी येणारे आप्त, या दिवशी घरात वीस-बावीस जण बसतात. एका माणसाला मांडी घालून बसण्यास सुमारे सहा चौरस फूट लागतात. वर सांगितलेल्या खोलीत दिवाण आणि फळ्या वगळता तितकी जमीन उरते. एल आकाराचा सोफा असता, तर निम्म्या माणसांना जिन्यात उभे राहावे लागले असते. घडीच्या खुर्च्या आणि गुंडाळलेल्या गाद्या बुटक्या कपाटात किंवा दिवाणाच्या पेटीत ठेवाव्यात. अशा पेटीचा दिवाण जमिनीला टेकलेला असावा आणि महिन्यातून एकदा उघडून झाडावा.

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरगुती सामानसरंजामात होत्या. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने या तिन्हींची मर्यादा बांधून घेतली. तो श्रीमंत होता आणि श्रीमंतच राहिला. बदलले ते एवढेच, की यापुढे किती, हे त्याने स्वतः ठरवले. पाचव्या अणुव्रताच्या अतिचारांत क्षेत्र-वास्तू आणि सोन्या-रुप्याच्या बरोबरीने कुप्य, म्हणजे भांडीकुंडी व घरातील इतर सामान, मोजले आहे. व्यापारी माणूस दुकानातील मालाचा साठा दरवर्षी मोजतो. दिवाळीला चोपडीपूजन होते. त्याच दिवसांत घरच्या दिवाणखान्याचाही एकदा साठा मोजून पाहावा. वर्षभरात ज्या वस्तूवर कोणी बसले नाही, जिच्यातून काही काढले नाही, तिने किती चौरस फूट व्यापले आहेत ते लिहावे. कोरेगाव भीमासारख्या ठिकाणी जागेचा भाव सर्वांना पाठ असतो, त्यामुळे हा हिशेब कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

आणि मोकळ्या झालेल्या जागेचे काय करावे, हा प्रश्न पडला, तर आजींना विचारावे. त्या बहुधा शयनगृहातून आपले आसन घेऊन येतील.