निरंक आणि कोरी जागा

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरातून हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. गुलियन बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. एरवी हा आजार वर्षाकाठी लाखात एखाददुसऱ्याला होतो. एका रुग्णालयात आठवड्यात दोन रुग्ण आले तर तिथल्या डॉक्टरांच्या भुवया उंचावतील, पण शेजारच्या रुग्णालयात आणखी दोन आहेत, पलीकडे तीन आहेत आणि पत्ते सगळे किरकटवाडी, नांदेड, धायरी याच पट्ट्यातले आहेत, हे त्यांना आपल्या वॉर्डातून कसे दिसणार? साथ नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते. पुढे संशयितांचा आकडा 200च्या वर गेला, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला.

नोंदी शेजारी ठेवण्याची निकड देशाला कळली ती 1994 साली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा. भीतीने लाखो माणसांनी सुरत सोडली. त्यानंतर 1997मध्ये साथरोगांवर देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि 2004मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प. आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारा, एस, पी आणि एल फॉर्म तोंडपाठ असतात. लक्षणांवरून आरोग्यसेविका भरते तो एस, डॉक्टर तपासून भरतात तो पी, प्रयोगशाळेची खात्री झाली की एल. आठवडा सोमवार ते रविवार. मग कागद उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, पुढे राज्याला आणि दिल्लीला. प्रत्येक पायरीवर बेरीज व्हायची आणि बेरजेत गाव हरवायचे. जिल्ह्यात हगवणीचे 40 रुग्ण, एवढेच वर पोचायचे. ते 40 गावांत पसरलेत की एकाच विहिरीभोवती, हे कोण सांगणार?

एप्रिल 2021मध्ये देशभर सुरू झालेल्या आयएचआयपी या आरोग्य माहितीच्या सामायिक मंचाने नेमके हे बदलायचे ठरवले. 18 आजारांऐवजी 33, मोबाइल किंवा टॅबवर नोंद, गाव थेट नकाशावर, आणि तीच नोंद तालुका, जिल्हा, राज्य, केंद्र अशा सगळ्यांसमोर. सातबाऱ्यावर सामायिक विहीर असते तसेच हे. प्रत्येक भावाने आपली वेगळी विहीर खणायची नाही, पाणी सगळ्यांचे, पाळ्या ठरलेल्या, आणि मोटर जळली तर खर्चही सगळ्यांचा.

सामायिक व्यवस्थेचा खरा कस लागतो तो नावांत. पुण्याजवळचे नांदेड आणि मराठवाड्यातले नांदेड माणसाला लगेच वेगळी कळतात. यंत्राला फक्त अक्षरे दिसतात. वडगाव, पिंपळगाव तर राज्यभर किती असतील! म्हणून केंद्र सरकारच्या एका निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतःचा कोड आहे. तपासण्यांचेही तसेच. एक प्रयोगशाळा ‘डेंगी एनएस1’ लिहिते, दुसरी ‘डेंग्यू अँटिजेन’. दोन्ही एकच आहेत हे यंत्राला सांगायला लॉइंकसारखे आंतरराष्ट्रीय कोड लागतात. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांच्या संघटनेचा एम्स नावाचा सामायिक मंच आहे. रुग्णालये आणि प्रयोगशाळा निरोप तिथे पाठवतात, मंच गरजेप्रमाणे त्याचा साचा बदलतो आणि योग्य त्या आरोग्य खात्याकडे पोचवतो. टपाल कार्यालयात दुभाष्या बसवावा तसे.

अशी व्यवस्था नीट बांधली नाही तर काय होते, ते इंग्लंडने 2020च्या शरद ऋतूत पाहिले. प्रयोगशाळांच्या कोविड अहवालांच्या फायली एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्यात 65,536 ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी मुकाट्याने गळाल्या. एकूण 15,841 बाधितांची नोंद राहून गेली आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध कित्येक दिवस लांबला. इतक्या मोठ्या देशाची यंत्रणा ओळींच्या मर्यादेवर अडावी, याची मला आजही चुटपुट लागते, कारण हे टाळता येण्यासारखे होते.

गेल्या पावसाळ्यात एका उपकेंद्रात तासभर बसलो होतो. बाहेर आशाताई रक्ताच्या काचपट्ट्या कागदात गुंडाळत होती. आत सिस्टर एका तापाच्या बाईची नोंद करत होत्या. आधी रजिस्टरमध्ये, मग एका पोर्टलवर, मग दुसऱ्यावर. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर, तेच ते तीनदा. नेट गेले, पुन्हा पहिल्यापासून. “दादा, पेशंट पाच मिनिटांत होतो, नोंदीला अर्धा तास जातो,” त्या म्हणाल्या. शेजारच्या बाकावर तीन बायका वाट पाहत होत्या. सामायिक सेवा म्हणजे या सिस्टरने एकदाच लिहायचे आणि ज्याला जे हवे ते त्याने तिथून घ्यायचे. दिल्लीतला नकाशा कितीही देखणा झाला, तरी हे जमेपर्यंत काम अर्धेच झाले असे मी म्हणेन. खासगी प्रयोगशाळांतही एका पडद्यावरचा अहवाल वाचून दुसऱ्या पडद्यावर टाइप करायची वेळ कुणावर येऊ नये. दोन संगणकांनी ते आपसांत बोलून घ्यावे.

मात्र अशी माहिती घेण्यालाही शिस्त हवी. गावात फवारणी करणाऱ्याला घर माहीत असावे लागते, राज्याच्या सर्वेक्षण कक्षाला आकडा आणि ठिकाण पुरते. रुग्णाचे नाव तिथवर जाण्याचे कारण नाही.

निघताना सिस्टरच्या टेबलावर जुना एस फॉर्म दिसला. कावीळ या रकान्यापुढे त्यांनी ‘निरंक’ लिहिले होते. कोरे का सोडले नाही, असे विचारले. “कोरे सोडले तर वाटेल मी पाहिलेच नाही,” त्या म्हणाल्या. “मी सगळी घरे फिरले होते, आणि कुणालाच कावीळ नव्हती.”