ग्रीसचे शिंतोडे आणि बेल्टची शीळ

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी जपून वापरलेल्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. वय झालेल्या या गाड्यांत दोन तक्रारी हमखास आढळतात. पुढच्या चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे शिंतोडे उडतात आणि सकाळी इंजिन सुरू करताच कर्कश शीळ ऐकू येते.

पुढची चाके फिरवणाऱ्या एक्सलच्या सांध्यावर घडीदार रबरी बूट असतो. तो चिरला की आतील घट्ट, काळे ग्रीस बाहेर फेकले जाऊन रिमला चिकटते. इंजिन ऑइलची गळती असल्यास जमिनीवर थेंब पडतात. चाकाशी पातळ द्रव दिसला आणि ब्रेक ऑइलची पातळीही उतरली असेल, तर मात्र गाडी चालवूच नये. चिरलेला बूट वेळीच लक्षात आल्यास नवा बूट आणि ताजे ग्रीस एवढ्यावर भागते. वळताना 'कट-कट' आवाज येऊ लागला, की सांधाच झिजलेला असतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

शीळ बहुधा बेल्टची असते. हात व कपडे दूर ठेवून चालू बेल्टवर थोडे पाणी फवारावे. आवाज वाढल्यास बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून परतल्यास पुली एका रेषेत नाहीत. साबण चोळण्याची जुनी युक्ती फक्त आवाज दाबते. या गाडीत हाच बेल्ट अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपही फिरवतो. तो घाटात तुटला, तर चार्जिंग थांबतेच, शिवाय इंजिन तापून हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते.