मणिबेलीने मागितलेला हिशेब

विक्री, साठा, वसुली यांचे विखुरलेले आकडे पॉवर बीआय किंवा टॅब्लोसारखी साधने एका पडद्यावर आणतात. कोणत्या गोदामात माल पडून आहे, हे कंपनीला महिनाअखेरीची वाट न पाहता कळते. फायदा मोठाच, पण मुळात नोंदच नसेल तर पडदा काय दाखवणार?

याचे उदाहरण म्हणजे नर्मदाकाठचे मणिबेली (ता. अक्कलकुवा), सरदार सरोवर धरणाच्या बुडितातले गाव. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हा बाधितांची पुरेशी पाहणीच झालेली नव्हती. पिढ्यानपिढ्या नेवाडाची, म्हणजे वनजमिनीवरची, शेती कसणारे आदिवासी सातबाऱ्यावर नव्हते, म्हणून कागदोपत्री ‘अतिक्रमणदार’ ठरले. माझ्या मते हा निव्वळ अन्याय होता. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पाहणीतल्या त्रुटींवर नेमके बोट ठेवले. १९९३ मध्ये उरलेले कर्ज थांबले.

१९९४ च्या मणिबेली जाहीरनाम्यात ४४ देशांतील ३२६ संघटनांनी बँकेच्या सर्व मोठ्या धरणांचा स्वतंत्र आढावा मागितला. पुढे जागतिक धरण आयोगाने २००० मध्ये ८१ धरणांचे आकडे पडताळले: प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ५६ टक्क्यांनी जास्त निघाला.